सीबीटी, आरईबीटी की नुसतं ऐकून घेणारं कुणीतरी? पाच सेशन झाल्यावर पडलेला प्रश्न

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, थोडक्यात सांगायला जमत नाहीये.

वय ४१. मूळ मिरजेचा, सध्या हडपसरला. रांजणगावच्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे, जाणं-येणं कंपनीच्या बसने. सप्टेंबरात एका सोमवारी सकाळी वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली होती आणि एकदम छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. बोटांना मुंग्या, तोंडाला कोरड, घामाने शर्ट चिंब. वाटलं, संपलं. ड्रायव्हरने बस तशीच हॉस्पिटलकडे वळवली. ईसीजी, रक्ततपासणी, नंतर टूडी इको, स्ट्रेस टेस्ट, सगळं नॉर्मल निघालं. पुढच्या दीड महिन्यात असं आणखी चार वेळा झालं. शेवटी फिजिशियननीच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी पॅनिक अटॅक म्हणून सांगितलं, कमी डोसची एक गोळी सुरू केली आणि दर शनिवारी सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे जायला लावलं. ५० मिनिटं, १२०० रुपये.

मॅडम चांगल्या आहेत, वेळ पाळतात, चेहऱ्याकडे बघून बोलतात. पण तिसऱ्या सेशनपासून त्यांनी एक तक्ता दिलाय. याला सीबीटी म्हणतात, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायची पद्धत. काय घडलं, मनात कोणता विचार आला, काय वाटलं, त्या विचाराच्या बाजूने पुरावा काय, विरुद्ध काय. मी तो बसमध्ये बसून भरतो. खरेदी विभागातला माणूस आहे, तक्ते भरायची सवय आहे. उपयोग होत नाही असंही म्हणवत नाही, दोन अटॅक मधेच ओसरले.

पण अण्णा, माझे वडील, एप्रिलमध्ये गेले. हार्ट अटॅकने, मिरजेत, रिक्षात, दवाखान्याच्या दारात पोचता पोचता. शेजारी आई होती, मी इकडे होतो. पहिल्या सेशनला हे सांगितलं, मॅडमनी लिहून घेतलं, आणि त्यानंतर आम्ही तक्त्यातच आहोत. खिशात अण्णांची सॉर्बिट्रेटची, म्हणजे हृदयविकाराच्या गोळ्यांची, डबी ठेवतो, तेवढ्या धीरावर बसमध्ये चढतो.

ठाण्याची बहीण आठ महिने एका समुपदेशक बाईंकडे जाते. तिथे ना तक्ता ना होमवर्क. ही बोलते, त्या ऐकतात, मधेच एखादा प्रश्न विचारतात. ती म्हणते, "दादा, पहिल्यांदा कुणीतरी मला मधे न तोडता ऐकलं." ऑफिसमधला मित्र म्हणतो आरईबीटीची, म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचाराची, कार्यशाळा कर, विचारच बदलतात.

तर या पद्धतींत नेमका फरक काय? माझ्यासारख्याने कोणती धरावी? आणि मॅडमना "मला हे नको, ते हवंय" असं म्हणणं बरं दिसेल का? बायको म्हणते बोल. मला ते डॉक्टरला औषध शिकवल्यासारखं वाटतं.

पळसफूल

पद्धतींमधलं मला फार कळत नाही, जाणकार लिहितीलच. रात्री-अपरात्री फारच जीव घाबरला तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर हाताशी ठेवा. सरकारी आहे, मोफत, २४ तास, मराठीत बोलता येतं. माझ्या भावाने वापरलाय. आणि इतकं स्पष्ट लिहिलंत, बरं वाटलं वाचून.

ओसरी

कृष्णाकाठ, मी ६१ वर्षांची, डोंबिवलीची निवृत्त शिक्षिका. मीही अशा तीन दारांतून जाऊन आलेय, म्हणून लिहिते.

२००९ साली मिस्टरांना दारूसाठी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ३५ दिवस ठेवलं होतं. तिथे बायकांसाठी सहचरी नावाचा गट असतो, त्यात मी बसले. तोवर मी घरातली गोष्ट सख्ख्या बहिणीलाही सांगितली नव्हती. एक बाई बोलत होत्या की नवरा उशिरा आला की त्या पावलांच्या आवाजावरून ओळखतात किती झालीय. मी दचकले, कारण मीही तेच करायचे. त्या दुपारी मला कुणी काही शिकवलं नाही, सल्लाही दिला नाही. पण चौदा वर्षांत पहिल्यांदा मी घरी जाऊन पोटभर जेवले. ऐकून घेतलं जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, त्यामुळे तुमच्या बहिणीचं म्हणणं अगदी पटतं.

मात्र एवढ्यावर भागलं नाही. मिस्टर दारूपासून दूर राहिले तरी माझी धास्ती जाईना. गॅस लावताना, पेपर तपासताना, सारखं मनात की आज पिऊन येतील. तेव्हा एका सहकारी बाईंनी आरईबीटीच्या वर्गाला नेलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ही पद्धत १९५५ पासून मांडली. आपल्याकडे ती रुजवली प्रा. कि. मो. फडके यांनी, त्यांचा एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता. एलिस तरुणपणी बायकांशी बोलायला अतिशय घाबरायचे. १९ व्या वर्षी त्यांनी ठरवलं की न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स बोटॅनिकल गार्डनमध्ये जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की बोलायचंच. महिन्याभरात १३० जणींजवळ जाऊन बसले. ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं. भेटायला येते म्हणाली एकच, तीही आली नाही. पण भीती गेली, कारण नकार मिळूनही काही आभाळ कोसळलं नाही हे त्यांनी शंभर वेळा पाहिलं. आमच्या वर्गात हे सांगितलं तेव्हा मला माझी शाळेतली मुलं आठवली, पाढे म्हणताना चुकू या भीतीने गप्प बसणारी.

तिथे मला माझा 'च' सापडला. मिस्टरांनी पिता कामा नये'च'. मी चांगली बायको असते तर हे झालं'च' नसतं. एलिस म्हणतात, घटना आपल्याला सरळ छळत नाही, मधे आपली समजूत असते, आणि तिच्यात असा हट्ट असला की दुःखाचं खचणं होतं. "त्यांनी पिऊ नये असं मला मनापासून वाटतं, पण ते माझ्या हातात नाही" हे एक वाक्य मी सहा महिने घोकलं. काळजी राहिली, धास्ती गेली.

आता तुमच्यासाठी महत्त्वाचं. २०१७ मध्ये माझी मोठी बहीण कॅन्सरने गेली. मी लगेच शिकलेलं हत्यार काढलं. "ती जायलाच नको होती, हा हट्ट आहे" असं स्वतःशी वाद घालत राहायची. भाजी चिरताना वाद, आंघोळीला वाद. आणि दिवसेंदिवस कोरडी पडत गेले. डोळ्यांत पाणीच येईना. तेव्हा ज्या समुपदेशक बाईंकडे गेले त्यांनी माझी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, "ताईंच्या हातचं काय आवडायचं तुम्हाला?" मी म्हटलं, वालाचं बिरडं. आणि मग पाऊण तास बिरड्यावर बोलले. वाल भिजवायचे कसे, मोड आल्यावर सोलताना ती साल माझ्या अंगावर कशी उडवायची. रडू आलं ते त्या दिवशी.

वही वाईट नव्हती, वेळ चुकली होती.

तुम्ही त्या डबीबद्दल एकच ओळ लिहून पुढे गेलात. मी ती ओळ तीनदा वाचली. तुमचं हृदय ठणठणीत आहे असं सगळे रिपोर्ट सांगतात. मग ती डबी कुणासाठी आहे? मॅडमना तिच्याबद्दल सांगितलंय का?

नाशिकची_समुपदेशक

ओसरीताईंनी फार नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी अकरा वर्षं या कामात आहे, मुख्यतः सीबीटी करते, त्यामुळे तुमच्या मॅडमच्या बाजूने थोडं बोलते.

तुमच्या मॅडम जे करतात ते अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांचं घराणं. बेक आणि एलिस, दोघेही मूळचे मनोविश्लेषणातले, फ्रॉइडच्या वाटेवरून निघालेले. बेक फिलाडेल्फियात नैराश्याच्या रुग्णांची स्वप्नं अभ्यासत होते. १९६० च्या आसपास त्यांच्या लक्षात आलं की या माणसांच्या डोक्यात दिवसभर झरझर विचार येऊन जातात आणि ती ते पडताळून न बघता खरे धरतात. तुमचा तक्ता तिथून आलाय. एलिस समजुतीशी समोरासमोर भांडायला लावतात, बेक पुरावा शोधायला पाठवतात. चुलत घराणी म्हणा.

पॅनिकमध्ये हे काम का करतं? १९८६ मध्ये ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी त्याचं चक्र मांडलं. छाती धडधडते, 'हा अटॅकच' असा अर्थ लागतो, भीती वाढते, भीतीने आणखी धडधडतं. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना मुंग्या येतात, त्या मुंग्या पुन्हा पुरावा वाटतात. वडील हृदयविकाराने गेले असतील तर हा अर्थ किती पटकन लागेल बघा. पुढच्या टप्प्यात मॅडम कदाचित तुम्हाला एका जागी धावायला, खुर्चीत गरगर फिरायला किंवा स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावतील, म्हणजे धडधड मुद्दाम आणून ती आपोआप ओसरते हे शरीराला कळावं म्हणून. तुमचे रिपोर्ट चांगले आहेत, पण आधी फिजिशियनना विचारून घ्यायचं. हे गप्पा मारून होत नाही. तुमच्या बहिणीची पद्धत, जी कार्ल रॉजर्स यांच्याकडून आली, तिच्यात असा सराव नसतो.

पण रॉजर्सनी १९५७ साली जे लिहिलं ते मी रोज वापरते. समोरच्याला अटी न घालता स्वीकारणं, त्याच्या जागी जाऊन समजून घेणं, आणि स्वतः खोटं न वागणं. हे नसेल तर तक्ता हा सरकारी फॉर्म होतो. कुठल्याही पद्धतीत बरं वाटण्याचा मोठा वाटा या नात्याचा असतो, असं संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणून "मला अण्णांबद्दल बोलायचंय" हे मॅडमना सांगणं म्हणजे औषध शिकवणं नाही. कुठे दुखतंय ते दाखवणं आहे. माझ्याकडे येणारं माणूस असं म्हणालं तर मला हायसं वाटतं, कारण न सांगता येणं बंद करणारेच जास्त असतात.

डबीबद्दल. सीबीटीच्या भाषेत ती सुरक्षेसाठी केलेली वागणूक. ती खिशात असते म्हणून 'आज वाचलो' असं वाटत राहतं आणि तिच्याशिवायही वाचलो असतो हे कळायची संधीच मिळत नाही. एरवी मी तिसऱ्या-चौथ्या सेशनला ती घरी ठेवायला सांगितली असती. ओसरीताईंचं वाचून वाटतंय की आधी तिची गोष्ट विचारली असती. एक मात्र आजच सांगते: त्यातली गोळी डॉक्टरांनी तुम्हाला दिलेली नसताना घेऊ नका. तिने रक्तदाब उतरतो, चक्कर येते, आणि पॅनिकमध्ये चक्कर आली तर काय होईल ते तुम्हीच ओळखा.

लीड्सकर

१४ वर्षं इंग्लंडमध्ये. इथे सरकारी टॉकिंग थेरपीसाठी स्वतःच नाव नोंदवता येतं. मला फोनवर सीबीटी मिळाली. दर आठवड्याला सात प्रश्नांची चिंतेची प्रश्नावली, २१ पैकी गुण. माझे १७ वरून ८ वर आले आणि ते खरंच होते, झोप सुधारली.

तरी एक सांगतो. आई गेली त्याबद्दल मी इंग्रजीत सगळं व्यवस्थित सांगितलं, तारखांसकट. नंतर ऑनलाइन पुण्याच्या एका बाईंशी मराठीत बोललो. "आई हाक मारायची तेव्हा" एवढंच म्हणालो आणि पुढे बोलवेना. पद्धत निवडताना भाषाही बघा. मॅडमशी इंग्रजी-मिश्रित बोलत असाल तर अण्णांबद्दल मिरजेच्या मराठीत बोलून बघा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. पळसफूल, नंबर बायकोच्या फोनमध्येही घातलाय. ओसरीताई, तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. शनिवारी डबी काढून मॅडमच्या टेबलावर ठेवली.

ती चुन्याची डबी आहे. स्टीलची. अँजिओप्लास्टी झाल्यावर अण्णांनी तंबाखू सोडली, डबी घासून पुसून त्यात सॉर्बिट्रेट ठेवायला लागले. आत त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी आहे, 'छातीत दुखल्यास जिभेखाली १'. गुढीपाडव्याला ते हडपसरला आले होते तेव्हा डबी आमच्याकडे विसरली. फोनवर म्हणाले, पाठव सवडीने. मी म्हटलं, पाठवतो. मार्चअखेर होती, राहून गेलं. पुढे तीन आठवड्यांत ते गेले. आई म्हणते दुसरी पट्टी कपाटात होतीच, आणि त्या दिवशी गोळी दिलीही होती. हे मला माहीत आहे. तरी हे कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा.

मॅडमनी तक्ता काढला नाही. डबी हातात घेऊ का विचारलं, चिठ्ठी वाचली, आणि अण्णा चुना कसा लावायचे ते विचारलं. मी मिरजेच्या भाषेतच सांगत सुटलो. शेवटची पाच मिनिटं राहिली तेव्हा मीच कागद मागितला आणि विचाराच्या रकान्यात लिहिलं, 'डबी वेळेत पाठवली असती तर.' पुराव्याचे रकाने कोरे ठेवलेत. ते आईसमोर बसून भरायचं ठरलंय, पुढच्या रविवारी मिरजेला जातोय.

गोळ्या काढून केमिस्टकडे दिल्या, मुदत संपलेली होती. डबी आणि चिठ्ठी ठेवली. येत्या सोमवारी डबी बायकोकडे देऊन ती मला वाघोलीपर्यंत स्कूटरवरून सोडणार आहे, तिथून पुढे बसने रांजणगावपर्यंत मी डबीशिवाय जायचं. काय होतं ते इथे लिहीन.