मदत हवी आहे: दोन्ही साइड बॅक वर जातात, मागे कोण थांबणार?

नमस्कार मंडळी,

बडोद्याहून लिहितोय. इथे आमची एक हौशी फुटबॉल टीम आहे. बहुतेक कॉलेजची पोरं, थोडे नोकरीवाले, सकाळी पोलो ग्राउंडवर सराव. मला सगळे कोच म्हणतात, पण कसला कोर्स वगैरे केलेला नाही. पूर्वी हाफ (मधल्या फळीत) खेळायचो, वय झाल्यावर शिट्टी गळ्यात पडली एवढंच. दिवाळीनंतर एक स्थानिक स्पर्धा आहे, त्याआधी हा गुंता सोडवायचा आहे.

आम्ही ४-३-३ खेळतो, म्हणजे चार बॅक, तीन हाफ, तीन फॉरवर्ड. उजवा बॅक म्हणजे नुसता वारा, नव्वद मिनिटं पळूनही धाप लागत नाही. डावा बॅक अस्सल डावखुरा. त्याचा क्रॉस असा येतो की फॉरवर्डने फक्त डोकं लावायचं. (नावं देत नाही, पोरं हे धागे वाचतात.) आमचे निम्म्याहून जास्त गोल या दोघांच्या पायातून सुरू होतात, त्यामुळे 'वर जाऊ नका' म्हणायला जीभ रेटत नाही.

पण खातो ते गोलही एकाच साच्यातले. डाव्याने क्रॉस टाकला, त्यांच्या स्टॉपरने (मधल्या बॅकने) डोक्याने काढला, बॉल त्यांच्या हाफकडे, आणि त्याने न बघता आमच्या बॅकच्या मागच्या कोपऱ्यात लांब फेकला. तेव्हा आमचे दोन्ही बॅक समोरच्या पेनल्टी बॉक्सपाशी आणि दोन स्टॉपर त्यांच्या दोन-तीन फॉरवर्डांसमोर उघडे. मी कडेला उभा राहून 'पाछळ जो, पाछळ जो' (मागे बघ) ओरडतो, पण तोवर बॉल जाळ्यात गेलेला असतो.

तिसरा एक पोरगा बाकावर आहे. माणूस सोडत नाही, टॅकल स्वच्छ, जागा पक्की. पण बॉल पायात आला की घाबरतो आणि सरळ बाहेर मारतो. त्याला डावीकडे खेळवलं तर मागचं भोक बुजेल, पण ती बाजू पुढे मुकी होईल. शिवाय डाव्याचे बाबा दर मॅचला येतात आणि मॅच संपल्यावर मला गाठतात, ते वेगळंच.

ऑफसाइड ट्रॅपवर, म्हणजे सगळ्या बॅकनी एकदम पुढे सरकून त्यांच्या फॉरवर्डला ऑफसाइड पकडण्यावर, विसंबता येत नाही. अशा स्पर्धांत लाइन्समन असेलच असं नाही आणि एकटा रेफरी मैदानाच्या मध्यातून काय काय बघणार! मैदानही रुंदीला कमीच भरतं.

तर विचारायचं हे: एक चढणारा आणि एक थांबणारा अशी जोडी लावावी का? की दोघांनाही चढू देऊन मागची व्यवस्था दुसऱ्या कोणाकडे द्यावी? 'अमुक युरोपियन क्लब असं करतो' एवढंच सांगू नका. आमच्यासारख्यांनी, आठवड्यातून मोजके सराव मिळत असताना, हे पोरांना शिकवायचं कसं तेही सांगा.

अवांतर: नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळून आलेल्या बॅककडून सकाळी ओव्हरलॅप (विंगरच्या बाहेरून पुढे धावणं) करून घेण्याचा उपाय कोणाकडे असेल तर तोही चालेल.

— डांडियाबाजारकर

जुना स्टॉपर:

एक चढणारा, एक थांबणारा, ही जोडी साठ वर्षं जुनी आहे आणि अजून चालते. कोच हेलेनियो हेरेराच्या इंटर मिलानमध्ये डावीकडून फाकेती मुक्तपणे वर जायचा आणि उजवीकडे बुर्गनिच माणूस धरून मागे राहायचा. पण उजवी बाजू मुकी नव्हती, कारण तिथे पुढे जाईर हा विंगर (कडेचा फॉरवर्ड) होता. १९६४ आणि १९६५ चा युरोपियन कप याच संघाने जिंकला. म्हणजे बॅक थांबवायचा असेल तर त्याच्या पुढचा विंगर लाइनीला चिकटून राहणारा हवा. तुमचा डावा विंगर कसा आहे ते लिहिलेलं नाही.

तुमच्याकडे मात्र मी थांबणारा माणूस ठरवून देणार नाही, बॉलवरून ठरवेन. बॉल उजवीकडे असेल तर उजवा वर आणि डावा आत सरकून स्टॉपरांच्या रांगेत, म्हणजे मागे तीन. बॉल डावीकडे असेल तर उलट. दोघांनाही चढायला मिळतं, एकाच वेळी मिळत नाही. यात कच्ची जागा एकच. बॉल एका कडेवरून दुसऱ्या कडेला फिरला की दुसऱ्याला लगेच सुटायची घाई होते आणि पहिला अजून वरच असतो. पहिला परत आल्याची हाक ऐकल्याशिवाय दुसऱ्याने निघायचं नाही. ती हाक स्टॉपरने द्यायची, कारण त्यालाच सगळं मैदान समोर दिसतं.

कडेचा प्रेक्षक:

हे चढणारे-थांबणारे असे शिक्के मारण्यातच गडबड आहे. २०१८ च्या वर्ल्डकपला कोच देशाँने फ्रान्सकडून पावार आणि लुका एर्नांदेझ हे बॅक खेळवले. पावार मुळात स्टॉपर, एर्नांदेझही स्टॉपर खेळणारा. सगळे म्हणाले, किती बचावात्मक टीम! आणि अर्जेंटिनाविरुद्ध २-२ करणारा गोल कसा झाला? एर्नांदेझचा डावीकडून क्रॉस आणि उजवीकडून धावत आलेल्या पावारची व्हॉली. दोघेही वर होते की नाही? त्यांना परवडलं, कारण मागे कान्टे हा थांबणारा हाफ होता आणि डावीकडे विंगरच्या जागी मात्युइदीसारखा मुळातला हाफ होता. तुमच्या बॅकचं नका सांगू, तुमचे तीन हाफ कसे उभे राहतात ते सांगा.

डांडियाबाजारकर:

दोघांचेही प्रश्न बरोबर ठिकाणी लागले. डावा विंगर उजव्या पायाचा आहे, सारखा आत घुसतो, आणि आमचा सगळ्यात जास्त गोल करणारा तोच. म्हणून ती कड बॅकशिवाय रिकामीच राहते. तीन हाफांपैकी दोन पुढे जाणारे. तिसरा थांबणारा आहे, पण नावाचाच. बॉल जिथे असेल तिथे हा पळतो. मेहनती आहे हो, रागावताही येत नाही.

मधली फळी:

सापडलं की मग. दोन्ही बॅक चढणार असतील तर तुमच्या टीममधला सगळ्यात महत्त्वाचा माणूस हा थांबणारा हाफ आहे, आणि त्याने बॉलकडे पळायचं नसतं. बॅक गेल्यामुळे जी जागा उघडी पडली तिकडे सरकायचं असतं. दुकानातले दोघं भाऊ वसुलीला गेले तर तिसऱ्याने गल्ल्यावर बसायचं, त्यानेही मागोमाग जायचं नाही.

१९९४ चं ब्राझील आठवा. उजवीकडे जॉर्जिन्यो, डावीकडे आधी लिओनार्दो आणि अमेरिकेविरुद्ध त्याला रेड कार्ड मिळाल्यावर ब्रांको. सगळे चढणारे. पण मध्ये दुंगा आणि माउरो सिल्वा असे दोघं जागा न सोडणारे. संपूर्ण वर्ल्डकपमध्ये सात मॅच मिळून त्यांनी खाल्ले फक्त तीन गोल. त्या वेळी आपल्याकडे लोकांनी 'हे कसलं ब्राझील' म्हणून नाकं मुरडली होती, मीही त्यात होतो. पण कप त्यांनीच नेला.

हल्लीचं उदाहरण लिव्हरपूल, २०१८-१९. प्रीमियर लीगमध्ये उजव्या बॅकचे, अलेक्झांडर-आर्नोल्डचे, १२ असिस्ट (ज्यावर गोल होतो ते पास) आणि डाव्या रॉबर्टसनचे ११. तरी लीगमध्ये सगळ्यात कमी गोल त्यांनीच खाल्ले, २२. हेंडरसन, फाबिन्यो, वाइनाल्डम या हाफांकडून गोलांची अपेक्षाच फारशी नव्हती, त्यांचं काम झाकायचं. तुम्हाला दोन बॅक आणि दोन हाफ असे चौघंही वर सोडता येणार नाहीत. एका हाफाला समोरच्यांच्या पेनल्टी बॉक्सच्या बाहेर थांबवा. क्रॉस काढला गेला की तो सुटलेला बॉल याच्यापाशी आला पाहिजे. तुम्ही वर्णन केलेला गोल मुळात तिथे होतो. त्यांच्या हाफला बॉल घेऊन मान वर करायला वेळ मिळतो म्हणून लांब पास पडतो. त्याच्या अंगावर कोणी असेल तर तो बॉल कुठेही जाईल, कोपऱ्यात मोजून पडणार नाही.

शिकवायचं असं. अर्ध्या मैदानात तुमचा हल्ला लावा, दोन्ही बॅक धरून. सेंटर लाइनीवर समोरच्यांचे दोन फॉरवर्ड उभे करा आणि तुमच्या हातात एक जास्तीचा बॉल ठेवा. क्रॉस पडला, गोल होवो न होवो, शिट्टी मारायची आणि तो दुसरा बॉल त्या दोघांच्या पुढे रिकाम्या जागेत टाकायचा. त्यांनी पळत सुटायचं, तुमच्यांनी अडवायचं. थोड्याच वेळात पोरं क्रॉसच्या आधीच मागे बघायला लागतात. सांगून जे होत नाही ते दोन-चार गोल खाल्ले की आपोआप होतं. आणि अडवताना आडवं पडून टॅकल नाही. बॉलवाल्याला कडेकडे ढकलत मागे सरकायचं, बाकीच्यांना परत यायला वेळ काढून द्यायचा. हिशेब सोपा ठेवा: त्यांचे जितके पुढे थांबलेत त्याहून आपला एक जास्त मागे.

इंदूरची गोलकीपर:

मी कॉलेजच्या मुलींच्या टीममध्ये गोलकीपर आहे, त्यामुळे हे सगळं पाठीमागून बघते. एक शंका. तो बाकावरचा मुलगा डावा बॅक आणि तुमचा डावखुरा त्याच्यापुढे डावा विंगर असं का नाही? क्रॉस तोच टाकणार, मागे पळायचं ओझं नाही, आणि बाबांना सांगायला 'बढती दिली' असंही होतं! गोल करणारा विंगर तसाही आत येतो, त्याला सरळ सेंटर फॉरवर्ड करा. बाकावरच्याला पास जमत नाही म्हणता, तर त्याने फक्त जवळच्या हाफाला द्यायचा, नाहीतर मागे मला, म्हणजे तुमच्या गोलकीपरला. बॉल मागे दिला म्हणून त्याला कोणी कडेवरून ओरडायचं नाही, एवढी अट. आमच्याकडे तेच होतं आणि मग ती मुलगी घाबरून बाहेर मारते.

जुना स्टॉपर:

गोलकीपर ताई, सहमत. याचंच पुढचं रूप म्हणजे २००२ चं ब्राझील. कोच स्कोलारीने काफू आणि रोबेर्तो कार्लोस या दोन्ही बॅकना वर सोडलं, पण मागे लुसिओ, एदमिल्सन, रोके ज्युनिअर असे तीन स्टॉपर ठेवले. सातही मॅच जिंकले. बाकावरचा पोरगा तिसरा स्टॉपर म्हणून डावीकडे बसतो का बघा. मात्र त्यासाठी पुढचा एक फॉरवर्ड कमी करावा लागेल आणि तीन स्टॉपरांना आपसात अंतर राखायला वेळ लागतो. स्पर्धा तोंडावर असताना मी हे करणार नाही. ताईंचा उपाय आधी.

कडेचा प्रेक्षक:

आणि सेंटर फॉरवर्डचं काय करणार? त्याचेही बाबा असतील.

डांडियाबाजारकर:

त्याचे बाबा मुंबईला असतात, सुटलो.

येत्या रविवारी सरावाच्या मॅचमध्ये ताईंची मांडणी लावतोय: डावखुरा पुढे, बाकावरचा त्याच्या मागे, उजवा बॅक मोकळा. उजवा गेला की बाकावरचा आत सरकून तिसरा स्टॉपर. थांबणाऱ्या हाफाला मधल्या वर्तुळाच्या पुढे उजवीकडे पळायचं नाही असं बजावतो आणि शिट्टीवाला सराव आधी घेतो.

एक राहिलं. उजवा वर असताना त्याच्या मागे बॉल बाहेर गेला आणि थ्रो त्यांना मिळाला तर? तेवढ्या वेळात तो परत येतोच असं नाही.

मधली फळी:

थ्रोवरून ऑफसाइड नसतो हे पोरांना माहीत आहे का ते आधी विचारा, निम्म्यांना नसतं. त्यांचा फॉरवर्ड बिनधास्त तुमच्या स्टॉपरांच्या मागे जाऊन उभा राहील. अशा वेळी उजवीकडच्या स्टॉपरने त्याच्यासोबत मागे जायचं, हाफाने स्टॉपरच्या जागी यायचं, आणि परत येणाऱ्या उजव्याने कडेने न पळता तिरकं आत, सरळ आपल्या गोलकडे पळायचं. आणि थ्रो घाईत टाकता येऊ नये म्हणून जवळ असेल त्याने टाकणाऱ्यासमोर उभं राहायचं, दोन मीटर सोडून. त्याहून जवळ गेला आणि अडथळा केला तर रेफरी पिवळं दाखवू शकतो.