लोकसभेला एका बाजूला आणि पालिकेला दुसऱ्या बाजूला, लिबरल मतदाराने असं मत द्यावं का?

तळजाई:
लोकसभेला आणि विधानसभेला मी भाजपच्या विरोधात मत देत आलेय आणि पुढेही देईन. तिथे माझ्यासाठी उमेदवार किती हुशार आहे हा प्रश्नच नसतो, तर पक्ष फोडून सरकार पाडणं, धर्मावरून लोकांना एकमेकांवर घालणं, इलेक्टोरल बाँडसारखी पैशांची गुपचूप व्यवस्था (फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती घटनाबाह्य ठरवली) हे सगळं असतं. पण १५ जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत पुण्यात माझ्या चार मतांपैकी एक मत मी भाजपच्या एका बाईंना दिलं. घरच्या ग्रुपवर सांगितलं तेव्हापासून दोन्हीकडून बोलणी खातेय, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

पुण्याबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे मुंबईसारखा एका वॉर्डाला एक नगरसेवक नसतो. एका प्रभागात चार (एका प्रभागात तर पाच) नगरसेवक, ४१ प्रभागात मिळून १६५. मशीनवर अ, ब, क, ड अशा वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या, प्रत्येकीवर एक बटण दाबायचं, आणि चौथं दाबल्याशिवाय तो लांब बीप वाजत नाही. प्रचारात सगळे पक्ष एकच सांगतात, चारही बटणं आमचीच दाबा. मी अ ला काँग्रेस, ब ला भाजपच्या या बाई, क ला एक अपक्ष आणि ड ला नोटा दाबलं.

या बाईच का? कारण प्रशासकाच्या काळात, म्हणजे निवडणूकच न झाल्याने आयुक्त एकटेच कारभार बघत होते आणि कुणाकडेच पद नव्हतं तेव्हा, त्या कामाला येत होत्या. आमच्या चौकातल्या भाजीवाल्या बायकांना २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली प्रमाणपत्रं मिळावीत म्हणून त्या बायकांना घेऊन स्वतः क्षेत्रीय कार्यालयात जाऊन बसायच्या, फोटो, आधार, फॉर्म सगळं स्वतः तपासायच्या. आज त्या गाड्यांवर लॅमिनेट केलेली कार्डं लटकलेली दिसतात. गरीब बाईला तिचा कायदेशीर हक्क मिळवून देणं हे माझ्या हिशोबात लिबरल कामच आहे, करणारीच्या गळ्यात कुठला पट्टा आहे ते मी दुसऱ्या नंबरला बघेन.

आणि एक गोष्ट जिच्यावर आपण लिबरल म्हणवणारे फार कमी बोललो. घटनेत ७४ व्या दुरुस्तीने लिहून ठेवलंय की पालिकेची मुदत पाच वर्षं, आणि मुदत संपायच्या आत निवडणूक. पुणे आणि मुंबईची मुदत मार्च २०२२ ला संपली. नवी मुंबई, औरंगाबाद, कोल्हापूर, कल्याण-डोंबिवली यांची तर २०२० मध्येच. तेव्हापासून जानेवारी २०२६ पर्यंत एकही निवडून आलेला माणूस नाही, सगळं बजेट आयुक्त मांडणार आणि प्रशासक म्हणून तेच मंजूर करणार. संविधान वाचवा म्हणून आपण लोकसभेला रस्त्यावर होतो आणि आपल्या स्वतःच्या शहरात संविधानातलं एक अख्खं कलम बंद पडलं होतं तेव्हा आपण गप्प होतो. मला हे फार लागतं.

तर बोला. लोकल आणि नॅशनल मत वेगळं करणं ही तडजोड आहे की शहाणपण?

जुना_समाजवादी:
तळजाई ताई, भाजीवाल्यांचं काम केलं त्याबद्दल त्या बाईंचं कौतुकच आहे, पण मत देणं चूक होतं असं मी स्पष्ट म्हणतो. नगरसेवक काय एकटा असतो का? सर्वसाधारण सभेत तो पक्षादेशावर हात वर करतो, नाही केला तर अपात्रतेची टांगती तलवार, तसा कायदाच आहे १९८६ चा. म्हणजे तुम्ही मत दिलंत बाईंना पण सभागृहात ते मत पडणार पक्षाच्या खात्यात. स्थायी समितीत १६ जण बसतात, टेंडर तिथे मंजूर होतात, ते कोण असणार हे पक्षाच्या संख्येवरून ठरतं, बाईंच्या स्वभावावरून नाही.

दुसरं म्हणजे, लोकसभेला बूथवर टेबल कोण लावतो, स्लिपा कोण वाटतो, म्हाताऱ्यांना रिक्षाने कोण आणतो? हाच नगरसेवक आणि त्याची पोरं. तुम्ही ज्याला लोकसभेला पाडायला निघता त्याचे हातपाय तुम्हीच पालिकेला मजबूत करून देता. संघटना खालून वर बांधली जाते हे भाजपला चाळीस वर्षांपूर्वी कळलं, आमच्या लोकांना अजून कळत नाही.

स्पष्टवक्ता:
मी भाजपचा मतदार. वरचे दोन्ही प्रतिसाद वाचून एकच वाटलं, की भाजपला एक मत दिलं तर तुम्हा लोकांना एवढा मोठा खुलासा द्यावा लागतो. म्हणजे उदारमतवाद कुणाचा?

प्रशासकाबद्दल. मार्च २०२२ ला सरकार कुणाचं होतं? महाविकास आघाडीचं. प्रभागरचनेचे अधिकार निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेणारा कायदा त्याच महिन्यात आघाडीनेच आणला आणि त्याला तेव्हा आमच्या पक्षानेही विरोध केला नाही हे मी प्रामाणिकपणे सांगतो, कारण ओबीसी आरक्षणाशिवाय निवडणूक कुणालाच नको होती. नंतर आमच्या सरकारने रचना परत २०१७ सारखी केली, मग सुप्रीम कोर्टात जैसे थे. तुम्ही ते एका बाजूचं पाप म्हणून खपवू नका.

अजून एक. जून २०२४ ला महाराष्ट्रात ४८ पैकी ३० जागा आघाडीला मिळाल्या तेव्हा जनता सुजाण होती, लोकशाही जिवंत होती. नोव्हेंबरला त्याच जनतेने महायुतीला प्रचंड बहुमत दिलं तर लगेच ईव्हीएम, आणि लाडकी बहीणचे १५०० रुपये म्हणजे लाच. माझी मोठी बहीण चार घरी स्वयंपाक करते, तिला दीड हजार म्हणजे काय ते तिला विचारा. तिने विकलं नाही मत, विचार करून दिलं.

तळजाई:
@स्पष्टवक्ता, एका बाजूचं पाप असं मी कुठेच लिहिलेलं नाही, माझा राग दोघांवरही आहे. पण एवढं तर मान्य करा की ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, तेही पाळलं गेलं नाही, मग ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख द्यावी लागली. कोर्टाने कान धरला नसता तर आजही प्रशासकच असता.

लाडकी बहीणबद्दल माझं मत तुमच्यापेक्षा फार लांब नाही. गरीब बाईच्या खात्यात थेट पैसे येणं मला चूक वाटत नाही. निवडणुकीच्या तोंडावर सुरू केलं आणि नंतर चाळणी लावली, ते चूक वाटतं.

@जुना_समाजवादी, तुमचं बूथचं म्हणणं वजनदार आहे, त्यावर नंतर लिहिते.

नांदेड_फाटा:
तुम्ही सगळे मध्यवस्तीतले म्हणून पक्ष की माणूस एवढा वाद घालू शकता. आम्ही समाविष्ट गावातले, आमचं ऐका जरा. ३० जून २०२१ ला २३ गावं महापालिकेत घेतली, वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, किरकटवाडी, नांदेड, खडकवासला वगैरे. त्या दिवशी ग्रामपंचायत गेली, सरपंच गेला, आणि नगरसेवक आलाच नाही. साडेचार वर्षं आमच्याकडे निवडून दिलेला कुणी नव्हता म्हणजे नव्हताच, आमदार-खासदार सोडले तर. टॅक्सची बिलं मात्र आली.

जानेवारी २०२५ ला सिंहगड रोडच्या या पट्ट्यात जीबीएसचे (गुलेन-बॅरी सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट सापडायला लागले, टीव्हीवर नांदेड, किरकटवाडी, धायरी ही नावं रोज. लोकांची माणसं व्हेंटिलेटरवर. दूषित पाण्याचा संशय होता. ग्रामपंचायत असताना पाणी सोडणारा माणूस कोण हे पोराटोरांना माहीत असायचं, त्याच्या घरी जाऊन भांडता यायचं. आता विहिरीत क्लोरीन किती पडतं हे विचारायचं तर कुणाच्या दारात जायचं? तेव्हा माझ्या सोसायटीत कुणीही लिबरल की हिंदुत्ववादी असं विचारलं नाही हो. सगळे एकच विचारत होते, आपला माणूस कोण.

म्हणून मी तर सरळ सांगतो, मी चारही मतं माणसं बघून दिली आणि चौघांची चिन्हं कुठली होती ते मी सांगणारसुद्धा नाही. लोकसभेला बारामतीत आम्ही काय करायचं ते वेगळं ठरवतो.

ठाकुर्ली:
माणूस बघून मत द्या म्हणणाऱ्यांनो, माणूस उद्या कुठे असेल याची गॅरंटी कोण देतो? आमच्या शेजारचं अंबरनाथ बघा. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदेची निवडणूक झाली, शिंदे सेनेला बाहेर ठेवायला काँग्रेसच्या १२ नगरसेवकांनी चक्क भाजपबरोबर आघाडी केली, काँग्रेसने त्यांना निलंबित केलं तर ते सगळे भाजपमध्येच गेले. ज्याने भाजप नको म्हणून पंजाचं बटण दाबलं त्या माणसाने काय करायचं? अकोटमध्ये भाजप आणि एमआयएम एकत्र आले होते, मुख्यमंत्र्यांना जाहीरपणे हे चालणार नाही म्हणून सांगावं लागलं. इथे विचारधारा शोधणारे तुम्ही दोघंही भाबडे आहात.

आणि आमच्या कल्याण-डोंबिवलीत तर पाच वर्षं प्रशासक सोसल्यावर निवडणूक आली तर कित्येक उमेदवार मतदानाच्या आधीच बिनविरोध. समोरच्यांनी शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतले. त्या जागेसाठी मशीनवर पट्टीच नाही, मग नोटा तरी कुठे दाबणार? राज्य निवडणूक आयोगानेच नोव्हेंबर २०१८ ला आदेश काढलाय की पालिका निवडणुकीत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक. मग एकच उमेदवार उरला तरी नोटाविरुद्ध मतदान घ्या ना. लिबरल लोकांनी लढायचं असेल तर यासाठी लढावं, तुझं मत कुणाला नि माझं कुणाला यात काय आहे.

मधली_आळी:
ठाकुर्ली यांच्याशी १०० टक्के सहमत. त्यात पालिकेला व्हीव्हीपॅट (मत कुणाला गेलं ते दाखवणारी चिठ्ठी) नाही, शाईच्या जागी मार्कर पेन आणि त्याची खूण पुसली जातेय म्हणून या वेळी दिवसभर व्हिडिओ फिरत होते. विश्वास बसावा तरी कशावर.

जुना_समाजवादी:
@ठाकुर्ली, तुम्ही सांगितलेलं अंबरनाथचं उदाहरण उलट माझीच बाजू मजबूत करतं. लोक पक्षाशी बांधलेले नाहीत, फक्त "आपला माणूस" आहेत, म्हणून तर १२ जण एका रात्रीत उडी मारू शकतात. मतदाराने चिन्हाला मत दिलं होतं तर चिन्ह सोडणाऱ्याला राजीनामा देऊन परत निवडून यायला लावलं पाहिजे. माणूस बघून मत देण्याची सवय जितकी वाढेल तितका हा बाजार वाढणार.

@नांदेड_फाटा, तुमच्या भागात जे झालं ते भयंकर आहे, त्यावर वाद नाही. पण ती गावं घेताना त्यांच्या पाण्याची, ड्रेनेजची सोय कशी करणार हे न ठरवता घेतली, तो निर्णय सरकारचा होता, आणि सरकार हे पक्षच चालवतात. आयुक्त सरकारच नेमतं. नगरसेवक कितीही भला असो, आयुक्ताला वरून फोन आला की संपलं. म्हणून लोकल प्रश्न लोकल मतानेच सुटतो हे मला मान्य नाही.

नांदेड_फाटा:
काका, आयुक्त वरून नेमतात हे खरंय. पण आयुक्ताच्या केबिनला कुलूप लावायला तरी कुणी निवडून आलेला लागतो ना. आम्ही सोसायटीवाले गेलो तर गेटवरच निवेदन घेतात.

स्पष्टवक्ता:
हे मात्र बरोबर. मी भाजपचा असलो तरी चार वर्षं आमच्याही माजी नगरसेवकांना अधिकारी उभं करत नव्हते. निवडून आलेला माणूस पाहिजेच. आणि आता पुण्यात आमच्या पक्षाला स्पष्ट बहुमत आहे तर समाविष्ट गावांच्या पाण्याचं उत्तर आमच्याच लोकांना द्यावं लागेल, तेव्हा मी गप्प बसणार नाही. मात्र तळजाईंनी लोकसभेला भाजपविरोधी मत देताना धर्मावरून घालणं वगैरे जे लिहिलंय ते मला अजिबात मान्य नाही, तो वेगळा धागा होईल.

तळजाई:
@जुना_समाजवादी, आता तुमच्या बूथच्या मुद्द्याबद्दल. नगरसेवक हा पक्षाचे हातपाय असतो हे मान्य. पण तुमचा उपाय काय? चांगलं काम करणाऱ्या बाईला पाडायचं आणि ज्याने चार वर्षांत तोंड दाखवलं नाही, फक्त आपल्या चिन्हावर उभा आहे, त्याला आणायचं? असं करून आमच्या बाजूच्या पक्षांना कळलंय का काही? त्यांना वाटतं लिबरल मत घरचंच आहे, जातंय कुठे. मग प्रभागात कार्यकर्ता ठेवायची गरजच वाटत नाही त्यांना. मी त्या ब च्या पट्टीवर जे केलं ते त्यांना कळावं अशीच माझी इच्छा आहे. ड ला नोटा दाबलं तेही त्याचसाठी.

पक्षादेशाचं म्हणाल तर तो पाळूनही नगरसेवकाच्या हातात पुष्कळ उरतं. 'स' यादीतला, म्हणजे नगरसेवकाने सुचवलेल्या कामांचा, पैसा बाकड्यांवर नि नावाच्या कमानींवर घालवायचा की ड्रेनेजवर, हे तोच ठरवतो. क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात २००९ पासून पडून आहे, नगरसेवकाने भागातल्या मतदारांना बोलावून कामं ठरवायची, कुणी घेत नाही. मी त्या बाईंकडे लेखी मागणी करणार आहे, बाकीच्या तिघांकडेही, कुठल्या का पक्षाचे असेनात.

जुना_समाजवादी:
क्षेत्रसभा घेतली तर मी माझ्या प्रभागातून बघायला येईन, शब्द देतो. पण २०२९ ला हीच बाई लोकसभेच्या स्लिपा घेऊन तुमच्या दारात उभी राहील, तुमच्याच भाजीवाल्या बरोबर असतील, आणि त्या भाजीवाल्या तिच्या सांगण्यावरून कुणाला मत देतील ते तुम्हालाही माहीत आहे. तेव्हा तिला काय सांगणार?

तळजाई:
जे या वेळी प्रचारात सांगितलं तेच. ती दारात आली तेव्हा मी म्हटलं होतं, ताई, पालिकेला तुम्हाला देतेय, तुमच्या खासदाराला कधीच देणार नाही. आणि भाजीवाल्या माझ्याही ओळखीच्या आहेत. त्यांच्याशी बोलायला मला कुणी अडवलेलं नाही, तुम्हालाही नाही. आपल्यातलं कोण जातं त्यांच्याशी बोलायला, ते सांगा.