शहापूरच्या कातकरी पाड्यावर सेवेला जाताना

नेरूळ_तरुणसंघ
सर्वांना प्रेमाचा सलाम. आमच्या ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) तरुण संघ शहापूर तालुक्यातल्या एका कातकरी पाड्यावर सेवेला जाणार आहे. वीसेक जण, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार. पाड्यावर चाळीसेक घरं, एक उघडी विहीर, आणि बऱ्याच मुलांना खरूज. बेत असा: नाताळच्या आधी डिसेंबरात जायचं, कपडेवाटप, एक आरोग्य शिबिर, संध्याकाळी भक्ती. पण आपण परतल्यावर तिथं मागे काय उरणार, असं संघातल्या मुलांनीच विचारलं. जाणकारांनी नेमकं सांगावं.

आसनगाव_लोकल
डिसेंबर नको. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन भिवंडी, कल्याण, पनवेलकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पाऊस तोंडावर आला की परततात. डिसेंबरात पाड्यावर म्हातारी माणसं आणि बंद झोपड्या सापडतील. भातलावणीतही कुणाला वेळ नसतो. गणपती उरकल्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ धरा. दिवाळीच्या सुट्टीत आश्रमशाळेतली मुलंही घरी असतात. डिसेंबरच हवा असेल तर पाडा सोडा आणि भट्टीवर जा, माणसं तिथं आहेत.

पाणी_तपासनीस
विहीर हातात घ्या, पण आधी ग्रामसेवकाला (आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) भेटा. पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ग्रामपंचायतीकडे असते आणि ती टाकण्याचं काम जलसुरक्षकाचं, म्हणजे गावचं पाणी सांभाळणाऱ्या ग्रामपंचायतीच्या माणसाचं असतं. त्याला बाजूला सारून तुम्ही टाकलीत तर तुम्ही गेल्यावर कुणीच टाकणार नाही. त्याच्यासोबत करा, पाड्यातल्या दोन बायकांनाही दाखवा.

हिशेब असा. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, मग ३.१४ ने गुणून ४ ने भागा. आलेल्या घनमीटरला हजाराने गुणलं की लिटर. व्यास ३ मीटर, पाणी २ मीटर असेल तर साधारण १४,००० लिटर. हजार लिटरला २.५ ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे ३५ ग्रॅम. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी घट्ट लगदा करा, मग पाणी घालून ढवळा आणि ५-१० मिनिटं ठेवा. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडा, बादली खालीवर करून पाणी हलवा. तळचा चुना विहिरीत टाकू नका, पाणी जड होतं. निदान तासभर कुणी पाणी भरायचं नाही, म्हणून हे काम रात्री, पाणी भरून झाल्यावर करावं. नंतर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरिन किती उरला हे रंगावरून दाखवणारी चाचणी. उरलेला क्लोरिन लिटरला ०.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी आला तर पुन्हा मात्रा द्यायची.

फसतं ते बहुतेक पावडरीमुळे. पिशवी उघडी किंवा ओलीत राहिली की क्लोरिन उडून जातो, आणि मग मोजून टाकलेली पावडरही काही करत नाही. दुसरं कारण म्हणजे कठडा आणि ओटा नसणं. पावसाचं आणि धुण्याचं पाणी परत आतच उतरतं. वर्गणी कपड्यांऐवजी सिमेंट, खडी, विटांवर घाला. ओट्याला बाहेरच्या बाजूने उतार आणि पाणी लांब नेणारी नाली हवीच. शौचालय किंवा शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर असावा.

परिचारिका_ऐरोली
एका दिवसाच्या शिबिरात खरूज जात नाही, याचं कारण ठरलेलं आहे: खाजणाऱ्या पोरालाच मलम मिळतं. घरातल्या सगळ्यांना, खाज असो वा नसो, एकाच रात्री लावावं लागतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने ५ टक्के परमेथ्रिन, मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, काखेत, कमरेभोवती. ८ ते १४ तास ठेवून अंघोळ, आणि आठवड्याने पुन्हा एकदा. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅमची ट्यूब लागते. अगदी तान्ही मुलं आणि गरोदर बायका यांचं डॉक्टरांनीच ठरवावं.

कपडे, गोधड्या गरम पाण्यात धुवा. गोधडी उकळणं जमत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून निदान तीन दिवस ठेवा. औषध लागू पडलं तरी दोन ते चार आठवडे खाज राहते. हे आधी सांगितलं नाही तर लोक रोज मलम चोळतात आणि कातडी सोलवटून घेतात. आठवड्याने मलम पुन्हा लावायचं काम आशाताईंकडे सोपवा, ट्यूब मोजून आणि घरांची यादी देऊन. त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत ठेवा.

वाशी_मंडळी
भक्तीबद्दल. वाटप आणि प्रार्थना एकाच ठिकाणी, एकाच वेळी ठेवू नका. ज्याच्या हाती ब्लँकेट द्यायचं आहे त्याला प्रार्थनेला बसणं भागच वाटतं, आणि अशी प्रार्थना प्रभूला काय पोचणार? संघाने पहाटे आपल्यापुरती भक्ती करावी, दिवसभर हाताने काम करावं. कुणी आपणहून विचारलं तर मनमोकळं सांगावं. वाटपाचे फोटो काढू नका. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात दान गुपचूप करायला सांगितलं आहे ते आपल्यालाच. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुलींना केडगावला आसरा दिला, पण जेवू घालून थांबल्या नाहीत. विणकाम, छपाई शिकवली. मागे काय उरतं याचं उत्तर आपल्याच मंडळीच्या इतिहासात आहे.

नेरूळ_तरुणसंघ
मनापासून आभार. तारीख बदलतो. विहीर आणि खरूज धरली तरी बरेच हात मोकळे राहतील. त्यांना काय द्यावं?

आसनगाव_लोकल
कागदपत्रं. घरोघर जाऊन वहीत लिहा: आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, काय आहे आणि काय नाही. अंत्योदय कार्डावर, म्हणजे सर्वांत गरीब घरांच्या रेशनकार्डावर, कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, त्यामुळे कार्ड नसलेलं घर आधी घ्या. नावाचं स्पेलिंग प्रत्येक कागदावर ताडून पाहा. आधारवर एक आणि रेशनकार्डावर दुसरं असलं की अर्ज अडकतो. फॉर्म भरून देणं तुमच्या कॉलेजच्या मुलांना सहज जमेल. फक्त शनिवार-रविवार तहसील आणि शहापूरचं आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय बंद असतं. म्हणून चार जणांनी सोमवारी थांबावं आणि पाड्यातल्या एका शिकलेल्या पोराला सोबत घेऊन अर्ज दाखल करावेत. पोचपावतीची एक झेरॉक्स त्या घरी ठेवा, दुसरी त्या पोराकडे.