जुन्या शेव्हेलचा आवाज उतरवायचा तर सायलेन्सर बदलणं पुरे आहे का?

तीनशेपन्नास
१९७० ची शेव्हरोले शेव्हेल. ३५० घन इंची स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन, हेडर (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्या), अडीच इंची दुहेरी पाइप, त्यावर ग्लासपॅक, आणि पाइपांची तोंडं मागच्या ॲक्सलच्या आधीच जमिनीकडे वळवलेली. अमेरिकेत हाती येणाऱ्या मसल कारचा हा ठरलेला थाट. ती शांत करायची म्हटली की लोक रेझोनेटर (जोडीचा छोटा सायलेन्सर), एच-पाइप (दोन पाइपांना जोडणारा आडवा पाइप), गालिच्याखालचे मॅट अशी यादी काढून बसतात. माझं म्हणणं, सायलेन्सर बदला आणि बाकीचे पैसे वाचवा.

ग्लासपॅक म्हणजे भोकं पाडलेली सरळ नळी आणि भोवती काचतंतूंची गादी. गादी हळूहळू जळते, उडून जाते आणि उरतो रिकामा डबा. त्याजागी टर्बो पद्धतीचा सायलेन्सर लावा. (नाव १९६२ च्या टर्बोचार्ज्ड कॉर्व्हेअरवरून आलं, टर्बोशी आता काही देणंघेणं नाही.) यात धूर इंग्रजी एससारखा वळत तीनदा डब्यातून जातो. डबा १४ इंची नको, २० इंची घ्या. आवाज गिळायला पोट मोठं लागतं.

घुमारा
असहमत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! शेजाऱ्याला ऐकू येणारा दणका वेगळा, आणि हायवेवर ठरावीक वेगाला कानात बसणारा घुमारा वेगळा. मोठा सायलेन्सर पहिल्यावर चालतो, दुसऱ्याची खात्री नाही.

गणित करा. फोर-स्ट्रोक व्ही-८ मध्ये क्रँकच्या एका फेऱ्यात चार सिलिंडर पेटतात. २,००० आरपीएमला सेकंदाला १३३ वेळा, म्हणजे घुमारा १३३ हर्ट्झचा. त्यावर औषध जे-पाइप. मुख्य पाइपातून टी काढून शेवट बंद केलेली फांदी, लांबी त्या लाटेच्या पाव. २०० अंश सेल्सियसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ४३६ मीटर, म्हणून लांबी ८२ सेंटिमीटर, साधारण ३२ इंच. पण बंद फांदीतून धूर वाहत नाही, ती थंड राहते. १०० अंशांना हीच लांबी ७३ सेंटिमीटरवर येते. लोक इथे चुकतात, पुस्तकी मापाला वेल्ड मारतात आणि मग 'जे-पाइप काही कामाचा नाही' म्हणतात. टोकाला आधी सरकती टोपी क्लॅम्पनं धरा, रस्त्यावर इंचाइंचानं सरकवून पाहा, घुमारा बसला की मग वेल्ड. आणि फांदी पाइपाच्या उघड्या तोंडाजवळ काढू नका. तिथे लाटेचा दाबच नसतो, नुसती शोभा होते.

तीनशेपन्नास
पार्किंग ब्रेकची केबल आणि क्रॉसमेंबर (फ्रेमची आडवी पट्टी) चुकवून अडीच फुटांच्या दोन फांद्या पोटाखाली कुठे कोंबणार? तेही एका आरपीएमसाठी? त्यापेक्षा ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स टाका, इंजिनच हळू फिरेल.

घुमारा
आणि नेमकं घुमाऱ्यात येऊन बसेल. ३.७३ गुणोत्तराचा ॲक्सल, २६ इंची टायर, ताशी ६५ मैल. डायरेक्ट टॉप गिअरला सुमारे ३,१३० आरपीएम, म्हणजे २०९ हर्ट्झ. ७००आर४ गिअरबॉक्सच्या ०.७० ओव्हरड्राइव्हला २,१९० आरपीएम, १४६ हर्ट्झ. पेट्रोल वाचेल, डोकं उठेल. गिअरबॉक्स बदलायचाच असेल तर आधी बदला, आवाजाची मापं त्यानंतर घ्या.

नऊबटेसोळा
दोघंही थेट दुकानात पोचलात, गाडीखाली कुणीच गेलं नाही. निम्मा कर्कशपणा गळतीचा असू शकतो. थंड इंजिन सुरू केल्यावर टिकटिक आणि गरम झाल्यावर बंद, म्हणजे सिलिंडर हेडला बसणारं हेडरचं गॅस्केट गेलंय. धातू फुगला की फट मिटते. बाकीच्या सांध्यांसाठी इंजिन थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू टेलपाइपात चिंध्या गुंडाळून बसवा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे दिसले की चोर सापडला. एच-पाइप नसेल तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासायच्या, असेल तर दुसरं तोंड बोळ्यानं बंद करायचं. थोडी हवा उघड्या व्हॉल्व्हमधून कार्ब्युरेटरकडे जाते, ती मनावर घेऊ नका.

हेडरच्या कलेक्टरला (नळ्या एकत्र येतात त्या तोंडाला) तीन बोल्टांत कागदी गॅस्केट असेल तर ते जळणारच. नरम ॲल्युमिनियमचं किंवा तांब्याचं घाला आणि दोनदा गरम-थंड झाल्यावर बोल्ट पुन्हा आवळा. यू-क्लॅम्प पाइप चिरडतो, मग तो सांधा ना धड बसत ना सुटत. पट्टीचा क्लॅम्प वापरा. पाइप फ्रेमला कुठे टेकत नाही ना तेही पाहा. इंजिन टॉर्कनं कलतं, तेव्हा अर्धा ते पाऊण इंच जागा हवीच.

फुकटातली एक तपासणी राहिली. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी निघालेली असते. ठिणगी उशिरा पडते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा मिश्रण अजून जळत असतं, आणि पाइप तापतोही जास्त, बोंबलतोही जास्त.

बंपरमागे
नऊबटेसोळा +१. पण ॲक्सलच्या आधी वळवलेल्या तोंडांबद्दल कुणी बोललंच नाही! आवाज थेट फरशीच्या पत्र्यावर आपटतो, आणि कार्बन मोनॉक्साइड ट्रंकच्या रबरातून, फरशीच्या निसटलेल्या बुचांतून आत येतो. घरात चूल पेटवून धुराडं खोलीतच सोडण्यातला प्रकार. टेलपाइप ॲक्सलवरून बंपरच्या मागे काढा. सायलेन्सर, रेझोनेटर सगळं त्यानंतर.

एच-पाइपलाही खर्चाची वाट म्हणू नका. शेवीचा (शेव्हरोले व्ही-८ चा) सिलिंडर पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. डाव्या बाजूचे ५ आणि ७ लागोपाठ पेटतात, उजवीकडचे ८ आणि ४ तसेच. म्हणून एकेका पाइपात धक्के विषम येतात. आडवा पाइप ते वाटून घेतो, खालचा गडगडाट कमी होतो. जागा ट्रान्समिशन क्रॉसमेंबरच्या आसपास, जाडी मुख्य पाइपाएवढी. एक्स-पाइप (दोन्ही पाइप मधे एकमेकांत मिळवणारा) लावलात तर सूर वर चढून खरखरीत होतो, शेव्हेलला तो शोभत नाही.

कानठळी
मग टोयोटाच घ्या की! १९७० च्या जीटीओत पॉन्टिॲकनं डॅशखाली खटका दिला होता, ओढला की सायलेन्सर मोकळा. कारखान्याला कळत होतं गाडी कशासाठी आहे ते.

बंपरमागे
खटका होता म्हणजे एरवी ती गप्पच असायची ना राव? हौस असेल तर कटआउट (सायलेन्सरच्या आधीच धूर बाहेर सोडणारी झडप) बसवा, पण ती नीट मिटली नाही तर पुन्हा गळतीच. आणि कॅलिफोर्नियात ६,००० पौंडांखालच्या गाडीला ९५ डेसिबलची मर्यादा आहे, खटका ओढा नाहीतर ढकला.

तीनशेपन्नास
टेलपाइप आणि गळती मान्य. एच-पाइप सायलेन्सरबरोबर एकाच वेल्डिंगमध्ये होत असेल तर तोही. जे-पाइपसाठी गाडी पुन्हा लिफ्टवर चढवायची मात्र तयारी नाही. ब्यूटाइल मॅट चिकटवून घुमारा जाईल का?

घुमारा
मॅट पत्र्याचं थरथरणं मारतो, त्यासाठी पाव भाग झाकला तरी चालतो. १४६ हर्ट्झ अडवायला वजन लागतं, चौरस फुटाला एक पौंडाचं व्हायनिल आणि खाली फोम. दोन्ही करून पाहा. टी काढायची जागा तेवढी मोकळी ठेवा.