शब्दचर्चा : 'बायोमार्कर'ला मराठीत काय म्हणावं?

नैराश्याच्या रुग्णांच्या रक्तातल्या 'बायोमार्कर'वर, म्हणजे शरीराची स्थिती सुचवणाऱ्या, मोजता येणाऱ्या घटकांवर, मराठीत लिहिते आहे. 'जैवचिन्हक' जिभेवर बसत नाही. 'रक्तातली लक्षणं' म्हटलं तर?

— 'लक्षणं' नको. लक्षण रुग्णाला जाणवतं: झोप उडणं, कशातच मन न रमणं. हे मात्र मोजल्याशिवाय कळत नाही. मी 'जैवसूचक' लिहितो. 'निदर्शक'मध्ये बोट ठेवून दाखवल्याचा भाव आहे, आणि इथे तेवढी खात्री नाही. मधुमेहात एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी रक्तशर्करेचा अंदाज देणारी चाचणी) ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आलं की निदानाला आधार मिळतो. नैराश्यात असा एकही आकडा नाही. रुग्णांच्या गटाची सरासरी काढली तर सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन (सीआरपी) आणि इंटरल्यूकिन-६ ही इन्फ्लमेशनमध्ये वाढणारी प्रथिनं जास्त दिसतात, चेतापेशींना पोसणारं बीडीएनएफ हे प्रथिन कमी दिसतं. पण एकेकट्याचं रक्त पाहिलं तर कित्येकांचं सीआरपी अगदी नॉर्मल असतं. शिवाय संसर्ग, लठ्ठपणा, धूम्रपान यांनीही ते चढतं. सभेतल्या ठरावाला सूचक असतो तसा अनुमोदकही लागतो. इथलं अनुमोदन रुग्णाशी नीट बोलूनच मिळतं.

म्हणून 'रक्त तपासून नैराश्य ओळखता येतं' असं वाक्य कृपा करून लिहू नका. ज्याचा रिपोर्ट नॉर्मल येईल, त्याला घरचेच म्हणतील, "बघ, तुला काही झालेलं नाही." आधीच मोठ्या कष्टानं बोलता झालेला माणूस तिथेच गप्प होतो.

आणि 'इन्फ्लमेशन'ला 'दाह' चालेल ना?

— वैद्यकीय मराठीत रूढ आहे. सांधेदाह, यकृतदाह म्हणतोच. पण नुसतं 'रक्तातला दाह' वाचलं की अंगाची आग डोळ्यांपुढे येते. इथे तशी जळजळ नसते; रोगप्रतिकार यंत्रणा मंद पण सतत चेतलेली असते. पहिल्यांदा शब्द येईल तिथे एवढं उलगडून सांगा, पुढे खुशाल 'दाह' लिहा.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीचा उल्लेखही करा. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांना इन्फ्लिक्सिमॅब हे दाहविरोधी औषध दिलं. सरसकट फायदा झाला नाही. ज्यांचं सीआरपी लिटरला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त होतं, त्यांच्यात मात्र तो होण्याची शक्यता दिसली. म्हणजे तिथे सीआरपीनं आजार सुचवला नाही, उपचार सुचवला.

मग मथळ्यात 'नैराश्यसूचक' लिहू?

— नको, त्या समासातून 'नैराश्य ओळखून देणारा' असा नेमका नको तोच अर्थ निघतो. 'नैराश्यातले जैवसूचक' लिहा.