मदत हवी आहे: चुकलेल्या फ्रॅक्शनबद्दल (रेडिएशनच्या एका वेळच्या डोसबद्दल) पेशंटला कोणी सांगायचं?

रात्रपाळी (धागाकर्ती)
जरा लवकर सांगा, पेशंट उद्या सकाळी परत येणार आहेत. मी रेडिएशन थेरपिस्ट आहे. काल एका पेशंटची शिफ्ट (खुणांपासून टेबल जेवढं सरकवायचं ते अंतर) उलटी दिली गेली. आज इमेज घेतली तेव्हा लक्षात आलं. सीनियर म्हणतात एका फ्रॅक्शनने काही होत नाही, झाकली मूठ झाकलेलीच राहू दे. आज टेबलवरून उतरताना पेशंटने विचारलं, "आज इतका वेळ का लागला?" मी म्हटलं, मशीन जरा हळू चाललंय. तेव्हापासून डोकं भणभणतंय. कायद्याने सांगावंच लागतं का? आणि मी सांगू शकते का? फक्त हो की नाही ते लिहा, भाषण नको.

डोसवाला
हो-नाहीत उत्तर देता येणार नाही, कारण तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. शरीराचा कुठला भाग? किती फ्रॅक्शनपैकी कितवं? शिफ्ट किती सेंटीमीटरची होती? काल सीबीसीटी (टेबलावरच घेतलेला स्कॅन) का नव्हतं? प्लॅनमध्ये मार्जिन (ट्यूमरभोवती धरलेली जादा जागा) किती? आणि हे 'सीनियर' म्हणजे डॉक्टर, फिजिसिस्ट (डोसचा हिशोब बघणारे) की सीनियर थेरपिस्ट?

काळाकोट
देश कोणता? त्याशिवाय कायद्याबद्दल बोलणं म्हणजे हवेत पतंग.

सरळमार्गी
कायदा कशाला हवा? चुकलं, तर सांगायचं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी धागा?

रात्रपाळी
सरळमार्गी, तुम्ही आमच्या खात्यात कामाला या, मग साधी गोष्ट म्हणा.
डोसवाला, मान आणि जबडा. ३५ फ्रॅक्शन, ७० ग्रे (डोसचं एकक). कालचं १२वं. खुणांपासून डावीकडे १.५ सेंमी जायचं होतं, उजवीकडे गेलं. इमेजिंग आठवड्यातून एकदा असतं, ते आज होतं. आजचं फ्रॅक्शन नीट दिलं. मार्जिन ५ मिमी. सीनियर म्हणजे सीनियर थेरपिस्ट. डॉक्टरांना माहीत नाही.
देश सांगत नाही. आमच्याकडे खाती मोजकी आहेत, लगेच ओळखू येईल.

डोसवाला
डॉक्टरांना माहीत नाही, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं हो.
आता हिशोब. १.५ डावीकडे जायचं ते १.५ उजवीकडे गेलं, म्हणजे चूक ३ सेंमीची, दीडची नव्हे. मार्जिन अर्धा सेंमी. त्या दिवशी ट्यूमरच्या बऱ्याच भागाला पूर्ण डोस मिळालाच नाही, आणि दुसऱ्या बाजूच्या लाळग्रंथीला नको तेवढा मिळाला. २ ग्रे म्हणजे ७० ग्रेच्या ३ टक्क्यांहूनही कमी, म्हणून तुमचे सीनियर 'काही होत नाही' म्हणत असतील. पण इथे एकूण डोस नव्हे, जागा चुकली आहे. मज्जारज्जूला किती गेला हे कोणी पाहिलंय का? एका फ्रॅक्शनने तिथे मर्यादा ओलांडली जाईल असं वाटत नाही, पण 'वाटत नाही' हे फाईलमध्ये लिहिता येत नाही. कालच्या स्थितीत प्लॅन पुन्हा चालवून आकडे काढायला सांगा. फिजिसिस्टला ते कठीण नाही, मी स्वतः अनेकदा केलंय.

काळाकोट
देश न सांगता चालत असेल तर एवढंच लिहितो.
ब्रिटनमध्ये २०१७च्या आयआरएमईआर (वैद्यकीय रेडिएशनच्या) नियमांनुसार, चुकून झालेलं एक्स्पोजर वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचं असेल तर रेफर करणारे डॉक्टर, उपचार ठरवणारे डॉक्टर आणि खुद्द पेशंट अशा तिघांनाही कळवण्याची व्यवस्था संस्थेकडे असावी लागते. इंग्लंडमध्ये त्याशिवाय २०१४पासून 'ड्यूटी ऑफ कँडर' (चुकलं तर पेशंटला उघडपणे सांगण्याचं बंधन) कायद्यातच आहे. अमेरिकेच्या एनआरसीचा (अणुनियामक आयोगाचा) नियम असा: एकूण डोसमध्ये २० टक्के किंवा एका फ्रॅक्शनमध्ये ५० टक्के फरक पडला आणि फरकाचा डोस ठरावीक पातळीच्या वर गेला, तर दुसऱ्या दिवसापर्यंत आयोगाला आणि २४ तासांत पेशंटला कळवायचं. पण हा नियम किरणोत्सर्गी स्रोतांचा, म्हणजे ब्रेकीथेरपी (स्रोत शरीरात ठेवून दिलेलं रेडिएशन) वगैरेंचा. लिनॅक (बाहेरून रेडिएशन देणारी मशीनं) तिथे राज्यांच्या अखत्यारीत येतात. भारतात असाल तर मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांनुसार पेशंटने रेकॉर्ड मागितल्यावर ७२ तासांत द्यावं लागतं, आणि संमतीबाबत सुप्रीम कोर्टाचा २००८चा समीरा कोहली निकाल आहे.

सरळमार्गी
म्हणजे तिची चूक २० टक्क्यांच्या आत, विषय संपला. बघा, कायदाही सीनियरच्या बाजूने.

काळाकोट
नाही. टक्केवारीचे उंबरठे हे नियामकाला कधी कळवायचं त्यासाठी असतात. पेशंटला सांगायचं की नाही हा प्रश्न तेवढ्यावर सुटत नाही. मघाशी तर 'चुकलं, तर सांगायचं' म्हणत होतात!

लेकुरवाळी
घाईत विचारतेय, माफ करा. सासऱ्यांचं रेडिएशन सुरू आहे. लहान बाळाला त्यांच्या मांडीवर दिलं तर चालतं का?

डोसवाला
मशीनवर झोपवून बाहेरून देत असतील तर खुशाल द्या. मशीन बंद झालं की अंगात काही उरत नाही. शरीरात किरणोत्सर्गी सीड्स (बारीक कण) ठेवल्या असतील किंवा किरणोत्सर्गी आयोडीन दिलं असेल तर गोष्ट वेगळी, मग डॉक्टरांनाच विचारा.

जुनामुरलेला
मी या धंद्यात अठ्ठावीस वर्षं आहे. रात्रपाळी ताई, अनुभवाचे बोल ऐका: काही सांगू नका, पण स्वतःला वाचवा. स्क्रीनचे फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा. उद्या प्रकरण वर आलं तर सीनियर हात झटकून मोकळा होईल आणि तुम्ही अडकाल. पनामात काय झालं ठाऊक आहे ना? २०००-०१ साली २८ पेशंटना जादा डोस गेला आणि पुढे फिजिसिस्टना तुरुंगवासाची शिक्षा झाली.

काळाकोट
फोटो अजिबात काढू नका! त्या स्क्रीनवर पेशंटचं नाव, नंबर, आजार सगळं असतं. स्वतःला वाचवायला जाल आणि गोपनीयता मोडल्याचा दुसरा गुन्हा अंगावर घ्याल. पेशंटची ओळख न येता स्वतःची टिपणी लिहून ठेवा: तारीख, वेळ, कोणाला काय सांगितलं, ते काय म्हणाले. आणि रेकॉर्डमधली कालची नोंद कोणी 'नीट' करायला सांगितलं तर हात लावू नका. दुरुस्ती वेगळी नोंद म्हणून, आजच्या तारखेने.

जुनामुरलेला
वकिलांना काय जातंय सांगायला. नोकरी तिची जाणार.

डोसवाला
मुरलेले काका, पनामाचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. तिथे ब्लॉकची (किरण अडवणाऱ्या ठोकळ्यांची) माहिती संगणकात वेगळ्या पद्धतीने भरली जाऊ लागली, किरण द्यायचा वेळ दुप्पट निघू लागला आणि हाताने पडताळा कोणी घेतला नाही, म्हणून पेशंटमागून पेशंट तसेच गेले. फ्रान्सच्या एपिनालमध्ये २००४-०५ साली २४ जणांच्या बाबतीत वेजचं (डोसला उतार देणाऱ्या पाचरीचं) सेटिंग चुकलं. त्यात लोक सर्वांत जास्त भडकले ते वेळेवर न सांगितल्यामुळे. आणि कमी डोसही निरुपद्रवी नसतो. इंग्लंडच्या नॉर्थ स्टॅफर्डशरमध्ये एकच करेक्शन दोनदा लावल्याने १९८२ ते १९९१ अशी नऊ वर्षं सुमारे हजार पेशंटना कमी डोस जात राहिला.

मुखवटा३३
मी पेशंट होते. ३३ फ्रॅक्शन, तोच जाळीचा मुखवटा टेबलाला खिळवून. आत बोलता येत नाही, मान हलवता येत नाही. बाहेरच्या माणसाने 'झालंच हं' म्हटलं की तेवढ्यावर विश्वास ठेवायचा. माझ्यासाठी तुम्ही दोघी-तिघीच 'हॉस्पिटल' होतात. डॉक्टर आठवड्यातून एकदा पाच मिनिटं दिसायचे. मला सांगितलं असतं तर मी रागावले असते, रडलेही असते. पण चुकलं हे बाहेरून कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्या टेबलावर चढलेच नसते.

नंदिनी_स
पण ट्रीटमेंट मध्यावर असताना घाबरवून काय साधणार? पेशंट यायचाच बंद झाला तर? नीतिशास्त्रात याला सूट आहे ना, पेशंटच्या भल्यासाठी माहिती रोखण्याची?

काळाकोट
आहे, पण फार अरुंद. वर्ल्ड मेडिकल असोसिएशनच्या १९८१च्या, १९९५ साली सुधारलेल्या लिस्बन जाहीरनाम्यात अपवाद आहे तो असा, की माहितीमुळे पेशंटच्या जिवाला किंवा तब्येतीला गंभीर धोका होईल असं मानायला सबळ कारण हवं. तो रागावेल, तक्रार करेल, हे कारण त्यात बसत नाही. सूट त्याच्या भल्यासाठी आहे, आपल्या भीतीसाठी नाही.

डोसवाला
आणखी एक. बुडालेलं फ्रॅक्शन भरून काढायचं असं डॉक्टरांनी ठरवलं तर ३६वं द्यावं लागेल. संमती ३५ची आहे. ३६वं का, हे पेशंटला काय सांगणार? तिथेही 'मशीन हळू'?

सरळमार्गी
सॉरी म्हटलं की कोर्टात कबुली होते म्हणे. त्यामुळे सांगा, पण सॉरी म्हणू नका.

काळाकोट
सरसकट खरं नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २००६च्या कॉम्पेन्सेशन अ‍ॅक्टात स्पष्ट लिहिलंय की निव्वळ माफी मागणं म्हणजे निष्काळजीपणाची कबुली नव्हे. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांतही असे कायदे आहेत. म्हणून देश विचारत होतो.

टॅटूविरोधी
मुळात खुणांवर विसंबायचंच कशाला? सरफेस गायडन्स (कॅमेऱ्याने त्वचेवरून जागा जुळवणं) घ्या, रोज इमेजिंग करा, खुणांचे हे कायमचे टॅटू बंद करा. टॅटूसाठी वेगळी संमती कोण घेतं? माझ्या बहिणीला सुई टोचल्यावर कळलं की डाग कायमचा आहे.

डोसवाला
मुद्दा रास्त, पण अवांतर. वेगळा धागा काढा, मी येतो.

रात्रपाळी
एक गोष्ट लिहिली नव्हती. काउच (टेबल) मीच हलवलं होतं. दुसरी मुलगी फोन घ्यायला गेली होती, मी एकटीनेच आकडा वाचला आणि एकटीनेच हलवलं. सीनियर मूठ झाकताहेत ती माझी आहे. म्हणूनच ते हो-नाही विचारलं. 'नाही' आलं असतं तर झोपले असते.

मुखवटा३३
ताई, अंदाज आला होता.

डोसवाला
सकाळी पेशंटच्या आधी पोहोचा. आधी डॉक्टर आणि फिजिसिस्ट, मग इन्सिडेंट फॉर्म. फॉर्ममध्ये दुसरी मुलगी फोनवर होती हेही लिहा. तिला अडकवायला नाही, पण दोघींनी आकडा वाचायचा नियम नुसता भिंतीवर आहे हे कळायला हवं. पेशंटला मुख्य गोष्ट डॉक्टर सांगतील. परिणाम काय, पुढे काय, हे तुम्हाला सांगता येणार नाही आणि ते तुमचं कामही नाही. तोवर त्यांनी थेट विचारलं तर "डॉक्टर तुमच्याशी याबद्दल बोलणार आहेत" म्हणा. खोटं मात्र पुन्हा नको.

जुनामुरलेला
कळवा काय होतं ते. माझं मत बदललेलं नाही.

रात्रपाळी
अपडेट. सकाळी सगळं सांगितलं. डॉक्टर आधी चिडले, मग त्यांनी फिजिसिस्टला बोलावलं. मज्जारज्जू मर्यादेच्या बऱ्याच आत आहे. ३६वं फ्रॅक्शन द्यायचं ठरलं, नवी संमती घेतली. पेशंटला डॉक्टरांनी सांगितलं, मी बाजूला उभी होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, एकदाही आवाज चढवला नाही. मग माझ्याकडे वळून विचारलं, "म्हणजे काल मशीन हळू नव्हतं?"
मी म्हटलं, नव्हतं. सॉरीही म्हटलं.
नंतर ते टेबलावर झोपले. मुखवटा लावताना माझे हात कापत होते, शिफ्ट आम्ही दोघींनी मोठ्याने वाचली. सीनियर माझ्याशी बोलत नाहीत. फॉर्मचं काय होतं ते अजून माहीत नाही.

काळाकोट
फॉर्मची प्रत किंवा निदान नोंद क्रमांक मागून घ्या. आणि आता तरी सांगा, देश कोणता?