मदत हवी आहे: बाय की टिल, अफेक्ट की इफेक्ट, डोक्याचं भजं झालंय

नमस्कार मंडळी, इथे वाचते रोज पण लिहितेय पहिल्यांदाच. दहावीपर्यंत मराठी मिडियम, मग बीकॉम, आता पुण्यात एका ऑफिसात अकाउंट्सला आहे आणि हल्ली इंग्लंडच्या क्लायंटला मेल टाकायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. वाक्यं जमतात हो, पण हे जुळ्या भावांसारखे शब्द आले की बोटं कीबोर्डवर तशीच थांबतात.

मागच्या आठवड्यातलं सांगते. मेलमध्ये लिहिलं, 'आय विल बी ॲव्हेलेबल बाय सिक्स, इंडिया टाइम.' म्हणजे मी सहापर्यंत आहे, त्याच्या आत काय ते विचारा. तर त्याने फोन केला सव्वासहाला! मी बसमध्ये उभी, एका हातात डब्याची पिशवी, वर कंडक्टर ओरडतोय, मला काही ऐकू येईना म्हणून मी जोरात म्हटलं, 'सर, आय ॲम नॉट लिसनिंग टू यू!' शेजारची कॉलेजची मुलगी फिस्सकन हसली. दुसऱ्या दिवशी आमच्या सरांनी तोच मेल 'बाय' पिवळा करून मला परत पाठवला. बाकी काही लिहिलं नाही, नुसता पिवळा.

तर बाय-टिल, अफेक्ट-इफेक्ट आणि प्रॅक्टिसचं स्पेलिंग, एवढं कुणी समजावेल का? नियमांची पुस्तकं नकोत, वाचून झालीत.

प्रतिसाद १
अगं, चूक इंग्रजीची नाहीचे, आपल्या 'पर्यंत'ची आहे. 'सहापर्यंत येतो' आणि 'सहापर्यंत आहे', दोन्हीकडे आपण एकच शब्द चालवतो. मी काय करतो, 'पर्यंत' काढून 'च्या आत' घालून बघतो. 'सहाच्या आत येतो' बरोबर वाटतं, तिथे बाय. 'सहाच्या आत आहे मी' कुणी म्हणेल का? मग तिथे टिल. 'दहा तारखेच्या आत कागद पाठवा', बाय. 'दहा तारखेपर्यंत दुकान बंद', टिल. तुझ्या मेलचा अर्थ त्याने लावला की बाई सहाला हजर होणार, म्हणून बिचारा सहानंतर फोन करत बसला.

प्रतिसाद २
लिसनिंगवाला किस्सा 😂😂 म्हणजे तू क्लायंटला तोंडावर सांगितलंस की मी तुमचं ऐकत नाहीये जा! यात तर मराठी आपल्या बाजूने आहे की. ऐकू येणं म्हणजे हिअर, कान देऊन ऐकणं म्हणजे लिसन. तसंच दिसणं म्हणजे सी आणि बघणं म्हणजे लुक. 'आय कान्ट हिअर यू' म्हणायचं आणि फोन ठेवायचा.

प्रतिसाद ३
ताई, ॲडव्हाइस आणि ॲडव्हाइझ मोठ्याने म्हणून बघा. सल्ला (नाम) तो 'स'वाला, स्पेलिंगात सी. सल्ला देणे (क्रियापद) तो 'झ'वाला, स्पेलिंगात एस. प्रॅक्टिसचा उच्चार दोन्हीकडे सारखाच म्हणून गोंधळ होतो, पण ब्रिटिश स्पेलिंगला हाच हिशोब लावायचा, नामाला सी, क्रियापदाला एस. लायसन्सचंही तेच, आपलं ड्रायव्हिंग लायसन्स काढून बघा, सी-ई आहे. अमेरिकन लोक मात्र प्रॅक्टिस दोन्हीकडे सीने आणि लायसन्स दोन्हीकडे एसने लिहितात, त्यामुळे कॉम्प्युटरचं स्पेलचेक अमेरिकन इंग्लिशवर असेल तर बरोबर शब्दाखालीही लाल रेघ येते. तुमचा क्लायंट इंग्लंडचा, तेव्हा आधी ते सेटिंग बदला.
अफेक्ट म्हणजे परिणाम करणे, इफेक्ट म्हणजे झालेला परिणाम. शब्दाच्या आधी 'द' किंवा 'ॲन' बसत असेल तर डोळे झाकून इफेक्ट. सरकारी पत्रात 'विथ इफेक्ट फ्रॉम' असतं ना, तेही नामच. इफेक्ट क्रियापद म्हणूनही येतं, बदल घडवून आणणे या अर्थी, पण आपल्या रोजच्या मेलात ते लागत नाही, सोडून द्या.

धागाकर्ती
'च्या आत' लय भारी!! आत्ताच तीन जुने मेल तपासले, दोन चुकलेत 🙈 पण नकार आला की अडतंय. 'सोमवारपर्यंत रिपोर्ट मिळणार नाही' याचं काय करू?

प्रतिसाद १
तिथे आधी स्वतःला विचार, सोमवारी देणारेस का? 'यू वोन्ट गेट इट टिल मंडे' म्हटलं की तो सोमवारी वाट बघणार. 'बाय मंडे' म्हटलं तर त्याला कळतं की सोमवार हुकला, पुढे कधी ते देव जाणे. आणि सुट्टीच्या मेलात 'ऑन लीव्ह टिल मंडे' तर लिहूच नकोस, सोमवार सुट्टीत धरायचा की नाही यावर तिकडचे लोकही भांडतात. सरळ 'बॅक ऑन ट्यूजडे' लिहायचं.

धागाकर्ती
अरे देवा. उद्यापासून गावी चाललेय, ऑटो रिप्लाय लावून आले मघाशी. लॅपटॉप उघडते परत.